शिकणाऱ्याच्या हाताकडे पाहणं : प्रशिक्षकांच्या आपसातल्या फीडबॅकच्या प्रकल्प नोंदी

९ जून

प्रशिक्षकांनी एकमेकांची सत्रं बघून फीडबॅक द्यायचा, या प्रकल्पाची व्याप्ती ठरली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सावली, सिंदेवाही या धान पट्ट्यातल्या तालुक्यांत एएनएम (उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका), आशा (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) आणि नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना शिकवणारे प्रशिक्षक. त्यांत वैद्यकीय अधिकारी आहेत, प्रसूती कक्षात वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर आहेत, एलएचव्ही (एएनएमवर देखरेख करणाऱ्या आरोग्य सहायिका) आहेत आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकही आहेत. या सगळ्यांचं स्वतःचं प्रशिक्षण एकदा होतं. त्यानंतर ते वर्गात कसं शिकवतात हे बघायला कुणी बसत नाही. बसलंच तर वरिष्ठ बसतात, आणि हजेरीपट, नाश्ता, टीए-डीए बघून उठतात.

सध्या फीडबॅक म्हणून जे मिळतं ते बॅचच्या शेवटी भरून घेतलेलं पान : 'विषयज्ञान कसे वाटले? उत्तम / चांगले / बरे'. पाचची एसटी गाठायची असते, त्यामुळे सगळ्या जणी 'उत्तम'वर खूण करतात. त्या पानावरून प्रशिक्षकाला उद्या वेगळं काय करायचं हे कळत नाही.

पहिल्या टप्प्यात तीनच सत्रं घ्यायची : नवजात बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं, झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देणं आणि आशांचं घरभेटीतलं बाळाचं वजन. तिन्ही हातांची कामं आहेत. हाताला आलं की नाही हे तिथल्या तिथे दिसतं, म्हणून सुरुवात इथून.

१२ जून

निरीक्षणाचं पान तयार झालं. ए-फोर कागद आडवा, तीन रकाने : वेळ, प्रशिक्षकाने काय केलं किंवा म्हटलं, शिकणाऱ्याच्या हातांनी काय केलं. तिसरा रकाना सगळ्यांत रुंद, जवळजवळ अर्धं पान. गुण नाहीत, टक्के नाहीत, 'एकूण शेरा' नाही.

गुण काढून टाकायला बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं, आकडा नसला तर सुधारणा कशी मोजायची. पण आकडा दिसला की समोरचा फक्त आकडाच वाचतो. ४ मिळाले तर ५ का नाहीत यावर वाद होतो, आणि सत्रात नेमकं काय घडलं ते बाजूला राहतं. शिवाय गुण असलेला कागद कार्यालयात पोचला की तो कामगिरी अहवालाला जोडला जातो, आणि मग कुणीही सहकाऱ्याबद्दल खरं लिहीत नाही. ही भीती रास्त आहे. म्हणून कार्यालयाशी बोलून ठरवलं : फाइलला फक्त तारीख, सत्राचं नाव आणि दोघांच्या सह्या. भरलेलं पान ज्याचं सत्र होतं त्याच्याकडेच राहील, झेरॉक्स काढायची नाही.

लिहिण्याचा नियम एकच. जे कॅमेऱ्यात दिसलं असतं किंवा टेपवर ऐकू आलं असतं तेवढंच लिहायचं. 'आत्मविश्वास कमी वाटला' हे चालणार नाही. '१०.४२, प्रश्न विचारला, तीन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं' हे चालेल.

१८ जून

जोड्यांऐवजी त्रिकूट. जोडीत 'तू माझं बरं लिही, मी तुझं' असा अलिखित करार चटकन होतो. त्रिकुटात अ बघतो ब चं सत्र, ब बघते क चं, क बघते अ चं. परतफेडीची सोय राहत नाही.

कठीण भाग वेगळाच आहे. डॉक्टरांचं सत्र सिस्टरने बघायचं आणि नंतर त्यांना सांगायचं, हे आपल्याकडच्या दवाखान्यात सहज घडत नाही. भीड असते. सिस्टर 'छान झालं सर' म्हणून मोकळ्या होतात, आणि डॉक्टर सिस्टरना फीडबॅक देताना नकळत राउंडवरच्या आवाजात बोलतात. यावर भाषण देऊन उपयोग नाही, रचनाच तशी हवी. म्हणून तीन गोष्टी ठरल्या. एकाच दवाखान्यातले, म्हणजे एकमेकांचा सीआर (गोपनीय अहवाल) लिहिणारे किंवा ड्युटी लावणारे, एका त्रिकुटात नकोत. प्रत्येक त्रिकुटात निदान एक सिस्टर किंवा एलएचव्ही हवी. आणि फीडबॅकची पहिली फेरी डॉक्टरांच्या सत्रापासून सुरू करायची, म्हणजे ऐकून घेण्याचा पाठ वरच्या पदावरून मिळतो.

२४ जून

सत्राआधीची भेट, दहा मिनिटं. हिला वेळ नाही म्हणून गाळायची नाही. इथे ज्याचं सत्र आहे तो एक प्रश्न देतो आणि निरीक्षक त्याच प्रश्नासाठी बघतो. सिल्व्हरमन, कुर्ट्झ आणि ड्रेपर यांनी १९९६ मध्ये संवादकौशल्य शिकवण्यासाठी जी मांडणी केली तिचाही गाभा हाच : आधी शिकणाऱ्याची स्वतःची अडचण विचारा, तिथून सुरुवात करा. प्रशिक्षकांना हे तितकंच लागू पडतं.

प्रश्न नेमका हवा. 'माझं सत्र कसं होतं ते बघा' हा प्रश्न नाही. त्याला 'चांगलं होतं' एवढंच उत्तर येतं. 'मागे बसलेल्यांना सरावाची बाहुली दिसते का?', 'मी प्रश्न विचारून किती वेळ थांबतो?', 'किती जणींनी माझ्या मदतीशिवाय पूर्ण कृती केली?' हे प्रश्न उपयोगी, कारण पान भरलं की उत्तर समोर असतं.

प्रश्न सुचत नसेल तर निरीक्षकाने सुचवू नये, विचारावं : 'या सत्रात बायका नेहमी कुठे अडतात?' ते ठिकाण सांगितलं की प्रश्न आपोआप निघतो.

२ जुलै

बॅग-मास्कचं सत्र, प्रशिक्षक वैद्यकीय अधिकारी, निरीक्षक सिस्टर. प्रश्न होता : 'छाती वर येते की नाही हे त्या स्वतः ओळखतात का?'

साहित्याची नोंद आधी, कारण निम्मी गडबड तिथेच होते. नवजात बाळाची बॅग २४० ते ५०० मिली. पूर्ण दिवसाच्या बाळाला १ नंबरचा मास्क, लहान बाळाला ०. टेबलावर १ नंबरचेच मास्क होते. खांद्याखाली ठेवायच्या कापडाची घडी जाड झाली की मान जास्त मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. बॅग दाबायची गती मिनिटाला ४० ते ६०. रडत नसलेल्या बाळाला कोरडं करून, ऊब देऊन, मान नीट ठेवून, पाठ चोळूनही श्वास आला नाही तर जन्मापासून पहिल्या मिनिटाच्या आत बॅग सुरू व्हायला हवी.

शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची, पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेली. प्रशिक्षक आधी न बोलता खऱ्या वेगाने करून दाखवतो. मग सावकाश, समजावून. मग शिकणारी सांगते आणि प्रशिक्षक तिच्या सांगण्याप्रमाणे करतो. शेवटी ती स्वतः सांगत करते. घाई झाली की तिसरी पायरी गळते. इथेही गळली.

पानावरचा भाग जसाच्या तसा :

११.१४ – एएनएमने मास्क ठेवला. खालची कड हनुवटीच्या वर, ओठाला लागून. बॅग दाबली. छाती हलली नाही.
११.१५ – तिने विचारलं, 'सर, छाती काहून वर येऊन नाही राहिली?'
११.१५ – सरांनी तिच्या हातावर हात ठेवून मास्क दाबला, हनुवटी उचलली. छाती वर आली. 'अस्सं. जमलं.'
११.१६ – सरांनी हात काढला. तिने दोनदा बॅग दाबली, छाती हलली नाही. पुढच्या बाईला बोलावलं.

सत्रानंतरचं बोलणं वीस मिनिटं, बंद खोलीत, प्रशिक्षणार्थी जेवायला गेल्यावर. सिस्टरनी स्वतःचं मत सांगितलं नाही, ओळ वाचली.

'सर, सव्वाअकराला छाती वर आली तेव्हा मास्कवर तुमचा हात होता. हात काढल्यावर दोन वेळा आली नाही.'

'म्हणजे तिला जमलंच नाही?'

'ते कळायला जागा राहिली नाही, सर. पुढचीचा नंबर आला.'

डॉक्टर थोडा वेळ पान बघत बसले. मग त्यांनीच काढलेला उपाय : पुढच्या सत्रात प्रशिक्षकाचे हात पाठीमागे. छाती हलली नाही तर फक्त 'काय दिसतंय?' असं विचारायचं आणि थांबायचं. उत्तर शिकणारीने शोधायचं : मास्कची कड हनुवटीवरून घेतली का, मान मागे जास्त गेली का, तोंडात स्राव आहे का, तोंड थोडं उघडं आहे का, बॅग पुरती दाबली का. 'जमलं' हा शब्द सलग पाच वेळा छाती वर आल्यावरच.

शिकवणाऱ्याचा आवाज, फळ्यावरचं अक्षर, विषयाची जाण यांत त्या दिवशी काही उणं नव्हतं. निरीक्षकाची नजर प्रशिक्षकावर असती तर पान 'उत्तम'ने भरलं असतं. ती शिकणारीच्या बोटांवर होती म्हणून हे दिसलं. उपकेंद्रात रात्री दोन वाजता त्या एएनएमच्या हातावर हात ठेवायला कुणी नसतं.

११ जुलै

भाताची रोवणी लागली. आशांची बॅच पुढे ढकलली. या दिवसांत वर्ग घेतला तर हजेरी लागते, पण मन बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात असतं. एएनएमची बॅच ठरल्याप्रमाणे.

१७ जुलै

मॅग्नेशियम सल्फेट. प्रशिक्षक एलएचव्ही, निरीक्षक वैद्यकीय अधिकारी. प्रश्न : 'डोस भरताना कुठे चुकतात?'

पाठ काय आहे ते आधी. झटके आले तर पुढे पाठवण्याआधी उपकेंद्र किंवा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पहिला डोस १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या एका अँप्यूलमध्ये (औषधाच्या छोट्या कुपीत) १ ग्रॅम. म्हणजे एका बाजूला ५ अँप्यूल, १० मिली. एकूण १० अँप्यूल, १० मिलीच्या दोन सिरिंज.

वर्गात हे फळ्यावर लिहिलं गेलं, सगळ्यांनी वहीत उतरवलं, विचारल्यावर एका सुरात '१० ग्रॅम' म्हटलं. मग पाण्याने भरलेले रिकामे अँप्यूल दिले आणि सिरिंज भरायला सांगितली. तिसऱ्या रकान्यात नोंद : काहींनी ५ मिलीच्या खुणेवर थांबून सिरिंज खाली ठेवली. ग्रॅम आणि मिली यांची अदलाबदल. ५ मिली म्हणजे अडीच ग्रॅम, एका बाजूचा अर्धाच डोस. वहीत बरोबर, हातात निम्मं.

इथे प्रशिक्षकाचं मोठं कौतुक, कारण त्यांनी प्रत्यक्ष भरायला लावलं म्हणूनच हे उघड झालं. बहुतेक ठिकाणी अँप्यूल दाखवून ट्रे परत जातो. फीडबॅकमध्ये ही गोष्ट आधी सांगितली गेली, आणि नेमकी : 'मॅडम, तुम्ही १२.०५ ला बोलणं थांबवून सिरिंज हातात दिल्या, तिथून चूक दिसायला लागली.' नुसतं 'छान घेतलं' म्हटलं असतं तर आपण काय चांगलं केलं हे त्यांनाही कळलं नसतं आणि पुढच्या वेळी वेळ कमी पडला की तेच आधी गाळलं गेलं असतं.

बदल ठरला : आकडा तोंडाने म्हणायचा नाही, अँप्यूल मोजून दोन रांगांत मांडायच्या, पाच इकडे, पाच तिकडे. रांग रिकामी झाली की सिरिंज भरली. रात्री झटके येणाऱ्या बाईसमोर डोक्यात गुणाकार करण्यापेक्षा ही रांग भरवशाची.

२५ जुलै

सत्रानंतरच्या बोलण्याबद्दल स्वतंत्र नोंद, कारण पान नीट भरूनही इथे काम बिघडतं.

पेंडल्टन यांच्या १९८४ च्या नियमांप्रमाणे आधी करणारा चांगलं काय झालं ते सांगतो, मग बघणारा चांगलं सांगतो, त्यानंतर काय वेगळं करता आलं असतं ते त्याच क्रमाने. सुरुवातीला घाबरलेल्या प्रशिक्षकांसाठी हा क्रम बरा, त्याने बोलण्याला शिस्त येते. पण दोनतीन फेऱ्यांनंतर त्याचा तोटा दिसतो : सगळ्यांना माहीत असतं की गोड बोलणं संपलं की कडू येणार, त्यामुळे पहिला भाग तोंडदेखला होतो आणि वेळ तिथेच जातो. म्हणून अनुभवी त्रिकुटांनी थेट सत्राआधीच्या प्रश्नापासून सुरुवात करावी. 'तुम्ही विचारलं होतं की त्या स्वतः ओळखतात का. हे पान. तुम्हाला काय दिसतं?' पान फिरवून समोरच्याकडे सरकवायचं. निरीक्षकाने पहिली दोन मिनिटं गप्प राहायचं, हे सगळ्यांत अवघड जातं.

टाळायची वाक्यं : 'मी असतो तर...', 'तुम्ही नेहमीच...', 'सगळं छान, फक्त...'. या 'फक्त'ने आधीचं सगळं पुसलं जातं. त्याऐवजी वेळ सांगून घडलेलं सांगणं, आणि मग प्रश्न : 'तिथे तुमच्या मनात काय होतं?' कित्येकदा उत्तर असं येतं की जेवणाचा डबा थांबला होता किंवा बाहेर डिलिव्हरीसाठी बाई आली होती. तसं असेल तर सुधारणा प्रशिक्षकात नव्हे, वेळापत्रकात करायची असते. हे कळणंही फीडबॅकचाच भाग.

प्रशिक्षणार्थींसमोर प्रशिक्षकाला सुधारायचं नाही. अपवाद एकच : शिकवलं जाणारं जर रुग्णाच्या जिवाला धोका करणारं असेल, चुकीचा डोस वगैरे, तर तिथेच थांबवायचं. तेही प्रश्न विचारून : 'मॅडम, अँप्यूलवरचं लेबल एकदा सगळ्यांना वाचून दाखवता का?' लेबल वाचलं की चूक जागेवर दुरुस्त होते आणि मान राहतो.

बोलण्याच्या शेवटी एकच बदल लिहायचा, ज्याचं सत्र त्याच्याच हाताने. तीन-चार लिहिले की एकही होत नाही.

५ ऑगस्ट

मोबाइलवर चित्रण करून बघितलं. फायदा मोठा : प्रशिक्षकाला आपला हात मध्ये किती वेळा जातो हे सांगून पटत नाही, बघून पटतं. पण अटी कडक. खऱ्या रुग्णाचं किंवा बाळाचं चित्रण कधीच नाही, फक्त बाहुलीवरचं. प्रशिक्षणार्थींना आधी विचारायचं, एकीने नाही म्हटलं तरी बंद. फोन प्रशिक्षकाचाच, म्हणजे क्लिप त्याच्याकडेच राहते. कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. त्रिकुटाचं बोलणं झालं की पुसायचं.

फोन प्रशिक्षकाच्या चेहऱ्यासमोर उभा केला तर काहीच हाती लागत नाही. टेबलाच्या उंचीपेक्षा हातभर वर, बाहुलीच्या पायांकडून, चौकटीत मास्क, छाती आणि चार हात येतील असा. तीन ते पाच मिनिटांचा तुकडा पुरे. वीज गेली तर खिडकीजवळचं टेबल घ्यायचं. पावसाळ्यात दुपारनंतर हॉलमध्ये बोटं दिसत नाहीत इतका अंधार होतो.

२५ ऑगस्ट

पोळा, तान्हा पोळा उरकून आशांची बॅच सुरू. विषय वजन. प्रशिक्षक गटप्रवर्तक.

घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं काम गावातली बाई करू शकते हे गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत दाखवलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. त्यावरच देशभरातल्या आशांच्या घरभेटी उभ्या आहेत. त्या भेटीतलं वजन चुकलं तर कमी वजनाचं बाळ नजरेतून सुटतं. म्हणून हे सत्र हलकं समजायचं नाही.

रकान्यात दिसलेलं : झोळी लावून काटा शून्यावर न आणता वजन घेतलं. उभ्या राहून वरून वाचलं, काटा डोळ्यांच्या रेषेत नव्हता. वर्गात वापरलेली कापडी बाहुली इतकी हलकी की काटा जेमतेम हलत होता, त्यामुळे वाचनाचा सराव झालाच नाही. शेवटची गोष्ट निरीक्षक सिस्टरनी पकडली, आणि उपाय गटप्रवर्तक ताईंनीच काढला : किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून तांदळाच्या दोन पिशव्या, एक २३०० ग्रॅमची, एक २७०० ची. बाहेरून सारख्या दिसाव्यात म्हणून दोन्ही एकसारख्या दुपट्यात गुंडाळायच्या. आशाने झोळीत घालून वाचायचं आणि बाळ २५०० च्या कोणत्या बाजूचं ते सांगायचं. दोन्ही बरोबर आल्याशिवाय पुढे नाही.

९ सप्टेंबर

दुसरी भेट. निरीक्षकाने मागच्या वेळी लिहिलेला एक बदल तेवढाच बघायचा. बॅग-मास्कच्या सत्रात डॉक्टरांचे हात पाठीमागे राहिले. एकीच्या वेळी पुढे आले, मध्येच थांबले, परत गेले. 'काय दिसतंय?' विचारल्यावर एएनएमने स्वतः मास्क खाली सरकवून हनुवटी आत घेतली, छाती वर आली. सत्र लांबलं. एका बाहुलीवर सहापेक्षा जास्त जणी असतील तर या पद्धतीने सगळ्यांचा नंबर दोन तासांत लागत नाही. पुढे बॅच लहान किंवा बाहुल्या दोन.

१८ सप्टेंबर

निरीक्षकांचाही सराव लागतो. चार मिनिटांची एकच क्लिप सगळ्यांनी बघायची, प्रत्येकाने आपापलं पान भरायचं, मग पानं शेजारी ठेवून वाचायची. ही क्लिप पुसलेल्यांपैकी नाही, प्रशिक्षकांनीच आपसात नाटक करून यासाठी काढलेली. फरक कुठे पडतो ते लगेच दिसतं : डॉक्टरांच्या पानावर बोललेलं जास्त, सिस्टरच्या पानावर हात जास्त. विशेषणं खाली रेघ मारून काढायची आणि त्या जागी जे दिसलं ते लिहायचं. 'गोंधळली' याच्या जागी 'बॅग ठेवली, पुन्हा उचलली, सरांकडे पाहिलं'. हा सराव दर तीन महिन्यांनी, नव्या निरीक्षकासाठी पहिल्या सत्राआधी.

३० सप्टेंबर

हलका (लवकर पिकणारा) धान कापणीला येण्याआधी राहिलेल्या त्रिकुटांची दुसरी भेट उरकायची. ० नंबरचे मास्क आणि दुसरी बाहुली यांची मागणी गेली आहे. पाण्याचे अँप्यूल भरून ठेवायचे, प्रत्येक टेबलाला दहा. तांदळाच्या पिशव्या ओलाव्याने जड होतात, तेव्हा दर बॅचच्या सकाळी पुन्हा तोलायच्या आणि वजन झाकलेल्या चिठ्ठीवर लिहायचं. पुढचं सत्र प्रसूतीनंतर रक्तस्राव रोखण्यासाठी द्यायच्या ऑक्सिटोसिनचं : जन्मानंतर एका मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत, आणि त्याआधी पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही याची खात्री. निरीक्षकाने घड्याळ घेऊन बसायचं, तिसरा रकाना नेहमीसारखाच रुंद.